पहिल्या दोन ओळी

‘मोजमाप’ हा शब्द पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर आला होता. ‘चाचणी’ दुसरीवरून पहिलीवर गेला होता. त्यांच्या खालचे ‘रुग्णालय’ आणि ‘सूचना’ जागच्या जागी होते. पडद्यावर बाकी काहीही हललेले नव्हते. वरची मोकळी सोडलेली ओळसुद्धा तशीच होती.

बेबीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. शब्द जिथे होते तिथेच होते.

“हे तू बदललंस?” तिने शेजारच्या टेबलाकडे न बघता विचारले.

“कुठलं? हां, ते होय!” मेहुणा खुर्चीसकट गोल फिरला. “अकारविल्ह्यानं लावून टाकलं. त्या मॅडम आज आतलं सगळं उघडून बघणार आहेत म्हणे. जरा नीटनेटकं दिसायला नको का, ताई?”

“चालवून पाहिलंस?”

“म्हणजे काय! काल संध्याकाळीच. एक एरर नाही की काही नाही. लोण्यासारखं चाललं.”

मेहुणा म्हणजे दादाचा मेहुणा, वहिनीचा धाकटा भाऊ. कंपनीत आला तेव्हा त्याला टेबल नव्हते. मग टेबल मिळाले, आणि थोड्याच दिवसांत त्यावर ‘तांत्रिक प्रमुख’ अशी पाटी लागली. त्याच्याआधी कंपनीला तांत्रिक प्रमुख नव्हता. काम बेबी करत असल्यामुळे प्रमुखाची गरज कोणाला भासली नव्हती.

बेबी हे अर्थातच तिचे खरे नाव नव्हे. पण दादा तिला लहानपणापासून तेच म्हणत आला, आणि कंपनी दादाची असल्यामुळे केस पांढरे झाल्यावरही ती ऑफिसात बेबीच राहिली. नव्या लोकांना संकोच वाटे, ते ताई म्हणत.

तिने पडद्यावरच्या पहिल्या दोन ओळींकडे पुन्हा पाहिले. लोण्यासारखे चालणारच, तिच्या मनात आले. हीच तर खरी गंमत होती.

कंपनीचे काम सांगायला सोपे होते. ठिकठिकाणच्या दवाखान्यांत लसी ठेवण्याचे फ्रिज असतात. लस गरम झाली की निकामी होते, आणि निकामी लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असते. म्हणून प्रत्येक फ्रिजला तळहाताएवढी एक पेटी लावलेली होती. ती तापमान मोजून पाठवत राही. इतक्या पेट्यांची इतकी माहिती एका कॉम्प्युटरला झेपत नाही. शेजारच्या थंड खोलीत कॉम्प्युटरांचे एक कपाटच होते आणि ते सगळे मिळून काम वाटून घेत.

वाटून घ्यायचे तर माहिती इकडून तिकडे न्यावी लागते, आणि न्यायची तर बांधावी लागते. प्रत्येक गाठोड्यावर आत काय आहे ते लिहावे लागते. दर वेळी पूर्ण नाव लिहिणे म्हणजे तांदळाच्या प्रत्येक दाण्यावर पूर्ण पत्ता लिहिण्यासारखे. म्हणून माहितीचे जेवढे प्रकार, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या भाषेत जेवढे क्लास, त्यांची आधीच नोंदणी करून ठेवतात. ज्या क्रमाने नोंदणी, तो त्याचा क्रमांक. गाठोड्यावर मग फक्त एक लहानसा आकडा जातो. उघडणारा आपल्याकडची नोंदणी बघून ओळखतो की आत काय आहे. अट एकच. बांधणाऱ्याकडचा आणि उघडणाऱ्याकडचा क्रम तोच हवा.

दवाखान्यांतल्या पेट्यांना बेबीने लावून दिलेला क्रम माहीत होता. कपाटातल्या कॉम्प्युटरांसाठी काल तयार झालेल्या नव्या मांडणीला मेहुण्याचा.

‘रुग्णालय’ खालीवर झाले असते तर कॉम्प्युटरने आरडाओरडा केला असता, कारण त्या गाठोड्याचा आकारच निराळा. पण मोजमाप आणि चाचणी ही दिसायला जुळी भावंडे: कुठला फ्रिज, किती वाजले, किती अंश. मोजमाप म्हणजे खरे तापमान. चाचणी म्हणजे, तार तुटलेली नाही एवढे कळवण्यासाठी पेटी मधूनमधून पाठवी तो ठरलेला आकडा, पाच अंश. नेहमी पाच. चाचणीवरून धोक्याची सूचना काढायची नाही, हा नियमही बेबीचाच. ती मांडणी लागली की प्रत्येक खरे तापमान चाचणी म्हणून बाजूला पडणार होते, आणि प्रत्येक चाचणी खरे तापमान म्हणून मिरवणार होती. जगातले सगळे फ्रिज यापुढे पाच अंशांवर राहणार होते. आग लागली तरी.

ती सांगण्यासाठी मेहुण्याकडे वळली, तेवढ्यात दादा आत आला. नवा कोट, दाढी इतकी गुळगुळीत की गाल दुसऱ्या कोणाचे वाटावेत.

“बेबी, आज तू मागच्या खुर्चीवर बस हं. आणि मध्ये बोलू नकोस बाई. तू बोलायला लागलीस की माणसं घड्याळ बघायला लागतात.”

मेहुणा हसला. बेबीही थोडी हसली. तिला सवय होती.

“मॅडमनी काही विचारलं तर?”

“तर हा आहे की! हेड कशाला नेमलाय?”

“आणि मी कोण म्हणून बसू?”

“कोण म्हणून म्हणजे? घरचीच आहेस तू.”

“दादा, एक सांगायचं होतं. ते क्लासचं रजिस्ट्रेशन—”

“नंतर.”

हा शब्द तो न थांबता, चालता चालता म्हणत असे. तिला संशोधनासाठी जागा मिळाली होती तेव्हा, “एक वर्ष दे मला, कंपनी उभी राहू दे, नंतर जा,” असे तो म्हणाला होता. कंपनी उभी राहिली, चालू लागली, तिला पाय फुटले, आता ती विकली जाऊन मॅडमच्या मोठ्या कंपनीच्या घरात नांदायला निघाली होती. कागदोपत्री मालक दादा आणि वहिनी. “तुझं नाव नंतर घालू, तू काय पळून जातेस?” आई गेल्यानंतर बेबी दादाकडेच मागच्या खोलीत राहायला आली, तेसुद्धा नंतर काही बघू, या बोलीवर.

“बरं,” बेबी म्हणाली आणि फाइल बंद केली.

गप्प राहायचा निर्णय घेताना छाती धडधडेल असे तिला वाटले असते. धडधडली नाही. उलट प्रयोगशाळेत सगळी मापे नीट जुळल्यावर यायचे तसे एक स्वच्छ, थंड समाधान तिच्या अंगभर पसरले.

तिने बाजू तपासून घेतल्या. नवा क्रम अजून फक्त दाखवायच्या मांडणीत होता. दवाखान्यांची रोजची देखरेख जुन्यावरच चालू होती. नवे सगळीकडे लागणार ते पुढच्या आठवड्यात. म्हणजे आज कोणाचीही लस खराब होणार नव्हती. खराब व्हायचा तो फक्त दादाचा दिवस. आणि पाहुणीला दाखवायला त्याने निवडलेली दुपार कोणती, हे तिला सांगायची गरज नव्हती. तो नेहमी तीच निवडायचा.

गेल्या उन्हाळ्यात लहान मुलांच्या दवाखान्यातला मोठा फ्रिज एका दुपारी बंद पडला होता. सूचना आली ती बेबीच्या फोनवर. ती घरातल्या चपला घालून जिना उतरली, दवाखान्याच्या भांडारबाईंशी भांडून कुलूप काढायला लावले, आणि दोघींनी मिळून लसीचे खोके दुसऱ्या फ्रिजमध्ये भरले. एक खोका तिच्या पायावर पडून अंगठ्याचे नख काळे झाले. त्या वेळी दादा केस कापायला गेला होता. पुढे दादाच्या तोंडी त्या गोष्टीत फोन दादाचा झाला, चपला दादाच्या झाल्या. काळे नख तेवढे बेबीकडे राहिले.

आज तो ती दुपार मोठ्या पडद्यावर लावणार होता, आणि पडद्यावर काहीही होणार नव्हते.

दुपारी जेवताना वहिनी म्हणाली, “वन्सं, आज भूक लागलीय वाटतं!”

“लागलीय खरी.”

“आणि कपडेही इस्त्रीचे. जणू तुम्हालाच बघायला येताहेत.” वहिनी स्वतःच्या विनोदावर मनापासून हसली. बेबीने भात पुन्हा वाढून घेतला.

पाहुण्या बाई वेळेवर आल्या. आखूड केस, साधे घड्याळ, हातात काही नाही. बसताना त्यांनी खोलीतल्या प्रत्येकाला नमस्कार केला, मागच्या खुर्चीलाही.

“आपण?”

“ही बेबी, माझी बहीण,” दादा म्हणाला. “मदत करते आम्हाला.”

खोलीतला दिवा मंद झाला. दादा चांगला बोलत असे. आवाज कुठे खाली आणायचा हे त्याला उपजतच कळे. “मॅडम, आकडे सगळेच दाखवतात. मी तुम्हाला एक दुपार दाखवतो.” फोन वाजला. चपला पायात आल्या. भांडारबाई आल्या. बेबी मागच्या अंधारात हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला एवढे निवांत कितीतरी दिवसांत वाटले नव्हते. चढव, ती मनात म्हणत होती, अजून वर चढव.

“आणि आता बघा,” दादा म्हणाला, “त्या दुपारची तीच माहिती आम्ही पुन्हा सोडतोय. लाल दिसेल. लाव रे.”

मेहुण्याने कळ दाबली. पडद्यावर दवाखान्याचे नाव आले आणि त्याच्याखाली तापमानाची हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे सरकू लागली. सकाळ झाली. दुपार झाली. रेघ सरकत राहिली. संध्याकाळ झाली.

मेहुण्याच्या मानेवर घाम चमकला. दादाचा हात पडद्याकडे दाखवता दाखवता हवेतच राहिला. शेजारच्या खोलीतल्या पंख्यांचा आवाज भिंतीतून येत होता. बेबीने तो क्षण हावरटासारखा सगळाच्या सगळा पिऊन घेतला.

मग दादाने हात खाली घेतला आणि तो हसला.

“बघितलंत मॅडम? हेच दाखवायचं होतं. आम्हालाही नंतर कळलं, त्या दुपारची सूचना मुळात खोटी होती. धावपळ फुकट. नव्या मांडणीत आम्ही खोट्या सूचना पार काढून टाकल्यात. बघा, एक नाही.”

पाहुण्या बाईंनी पडद्याकडे पाहून मान हलवली. “चांगलं आहे. आमची मोठी तक्रार तीच असते.”

“मग! हे आम्ही आजच सगळीकडे लावतोय. तुमची सही व्हायच्या आधी. लाव रे, आत्ताच लावून टाक.”

“आत्ता?” मेहुण्याचा चेहरा उजळला. “हो, हो. लावतोच.”

बेबीच्या हातापायांतले निवांतपण एका झटक्यात उतरले. तिने इतक्या जपून आखलेली गोष्ट त्याने दोन वाक्यांत खिशात घातली होती. तिचे मौनसुद्धा त्याच्या उपयोगी पडले होते. आणि त्या दुपारी कुलूप उघडायला किल्ली शोधणाऱ्या भांडारबाई, ते खोके, ते सगळे आता खोटे. संध्याकाळपर्यंत सगळ्या दवाखान्यांत पाच अंशांची हिरवी रेघ सुरू होणार होती, आणि तिच्याखाली लस मुकाट्याने नासणार होती.

ती उभी राहिली. खुर्ची फरशीवर करकरली.

“कळीला हात लावू नकोस,” ती मेहुण्याला म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, पण त्याने हात मागे घेतला.

“बेबी, नंतर—”

“दादा, एकच सांग. त्या दुपारी लस खराब होत होती की नव्हती?”

“अगं, तो विषय—”

“होत होती म्हणालास तर ही रेघ खोटी. नव्हती म्हणालास तर आजवर सगळ्यांना सांगितलेली गोष्ट खोटी. कुठली ते तूच ठरव. मॅडम समोरच आहेत.”

दादाने आधी तिच्याकडे पाहिले, मग मेहुण्याकडे, मग आपल्या बुटांकडे. बेबी थांबली. त्याला वेळ द्यावा असे तिला वाटत होते. भरपूर वेळ द्यावा.

“तुम्ही सांगा,” पाहुण्या बाई तिला म्हणाल्या.

“ही रेघ बघा. दिवसभर पाच अंश. दार उघडतं, लस काढतात, ठेवतात, वीज जाते. खरा फ्रिज इतका सरळ वागत नाही. माणूस मेल्यावर नाडीची रेघ अशी येते.”

तिने क्रमाचे सांगितले. थोडक्यात सांगितले. कोणी घड्याळ पाहिले नाही. मेहुणा मध्येच म्हणाला, “पण ताई, एरर आला असता ना!” आणि ती म्हणाली, “तुझं नशीब थोर, त्या दोघांचा आकार एकच आहे. खालचे दोन तर आधीपासूनच अकारविल्ह्यात होते. नाहीतर आला असता.”

“दाखवा,” पाहुण्या बाई म्हणाल्या.

बेबी मेहुण्याच्या खुर्चीत बसली. तो तिच्या मागे उभा राहिला; उभे राहायला त्याला दुसरी जागा नव्हती. तिने पहिल्या दोन ओळींची अदलाबदल केली आणि वर एक वाक्य लिहिले: ‘क्रम बदलू नये, नवे नाव नेहमी शेवटी.’ मग कळ दाबली. रेघ सकाळभर थरथरत चालली, दुपारी वर वळली, आणि पडदा लाल झाला. त्या लाल उजेडात दादाचा नवा कोट विचित्र दिसत होता.

“मी पाच मिनिटं एक फोन करून येते,” पाहुण्या बाई म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

दादाने बेबीला कॉम्प्युटरांच्या खोलीत ओढले. तिथे इतका आवाज असे की ओरडले तरी बाहेर ऐकू जात नसे.

“तुला सकाळपासून माहीत होतं?”

“हो.”

“आणि गप्प बसलीस? सख्ख्या भावाचं वाटोळं होताना?”

“तू मागे बस म्हणालास. बसले.”

“सूड घेतेस माझ्यावर?”

“हो,” बेबी म्हणाली.

त्याची नाही ऐकायची तयारी होती. कपाटातले बारीक दिवे लुकलुकत होते. त्याने आवाज मऊ केला. कुठे खाली आणायचा हे त्याला अजून कळत होते.

“बरं, झालं ते झालं. मी चुकलो म्हण. सही होऊ दे, मग नंतर बसून—”

तो स्वतःच थांबला. बेबी हसली नाही. तिला हसू आलेच नाही. ती फक्त त्याच्या गुळगुळीत गालाकडे बघत राहिली, आणि तिला दिसले की दादा म्हातारा झाला आहे. त्याने राग कमी झाला नाही. फक्त, आता घाई करायला हवी, असे वाटले.

ते परत आले तेव्हा पाहुण्या बाई पडद्यासमोर उभ्या होत्या. वहिनी चहा घेऊन आली होती आणि काय बिनसले आहे हे चेहऱ्यांवरून वाचायचा प्रयत्न करत होती.

“मी आमच्या लोकांशी बोलले,” पाहुण्या बाई दादाला म्हणाल्या. “आम्हाला कंपनी हवी आहे. पण एका अटीवर. या बाई आमच्याबरोबर पुढची काही वर्षं राहिल्या पाहिजेत. तसं लेखी हवं. त्या नसतील तर आम्हाला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागेल.”

दादाने सोडलेला श्वास खोलीभर ऐकू आला. “एवढंच ना! अहो मॅडम, ही कुठे जातेय? घरचीच आहे.”

“वन्सं आणि कुठं जाणार!” वहिनी हसत म्हणाली आणि पहिला कप बेबीपुढे धरला. आजवर तिला कप शेवटी मिळत असे.

“मी त्यांना विचारतेय,” पाहुण्या बाई म्हणाल्या.

सगळे तिच्याकडे बघू लागले. दादाच्या डोळ्यांत आता हुकूम नव्हता. तिथे जे होते ते तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले, आणि ते बघायला तिने मुद्दाम थोडा वेळ घेतला. तिने कप वहिनीच्या हातातून घेतला आणि न पिता टेबलावर ठेवला.

“यापुढे कोणालाही सांभाळता येईल असं करून ठेवलंय मी ते,” ती पाहुण्या बाईंना म्हणाली. “क्रम हलवू नका, म्हणजे झालं. दवाखान्यांना काही होणार नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी राहणार नाही,” बेबी दादाकडे बघत म्हणाली. “इथंही नाही आणि तुझ्या घरातही नाही.”